'जुळणी' सापडत नाही

मित्रांनो, संगणकाच्या कचरापेटीत आज मी तीन तास पडून होते. मी एक जुनी फाईल आहे. जीव अजून थाऱ्यावर नाही, त्यामुळे सांगताना मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

एका दवाखान्याच्या रक्तपेढीत मी बारा वर्षं राबते आहे. ज्या बाईंनी मला लिहिलं, त्यांनी माझं नाव 'जुळणी' ठेवलं. कोणाला कोणतं रक्त चालेल, एवढंच मला येतं, पण ते चोख येतं. बाकीच्या फाईलींचं बरं असतं. कोणी त्यांना पहिल्या ओळीपासून क्रमाने वाचतं, कोणी हवी ती नोंद थेट काढतं. मला कोण वाचणार, कपाळ! मी सामाईक. नोंदणीचा, साठ्याचा आणि चिठ्ठ्या छापण्याचा असे तिन्ही प्रोग्राम अडले की मला हाक मारतात. कौतुक त्यांचं होतं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

आज सकाळी संगणक सांभाळणाऱ्या दादांनी सगळे प्रोग्राम बंद करून साफसफाई काढली. मला कोणी उघडल्याचं त्यांना कुठे दिसेना. अडगळ समजून त्यांनी मला कचरापेटीत टाकलं.

दुपारी एका बाळंतिणीला तातडीने रक्त हवं झालं. एकही प्रोग्राम सुरू होईना. पिशव्या फ्रिजमध्ये होत्या, पण तिला चालणारी कोणती ते कळेना. हाताने तपासायला तास लागणार होता आणि डॉक्टरांकडे तेवढा वेळ नव्हता. तिचा भाऊ खिडकीशी उभा होता.

पडद्यावर सारखी एक चौकट येत होती. दादा ती न वाचताच 'ठीक आहे' दाबून घालवत होते. जागा कमी पडतेय, असं त्यांच्या डोक्यात बसलं आणि ते कचरापेटी रिकामी करायला निघाले. मी काय करणार? मला फक्त हाकेला ओ देता येते आणि हाक माझ्यापर्यंत पोचतच नव्हती.

"दादा, थांबा," मागून सिस्टर म्हणाल्या. "त्या चौकटीत काय लिहिलंय?"

"काही नसतं हो त्यात."

"मग मी वाचते." त्या पडद्याजवळ वाकल्या. "जुळणी सापडत नाही."

बारा वर्षांत माझं नाव मी माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. दादांचा चेहरा पांढराफटक पडला. "सकाळी मीच काढली ती," ते म्हणाले.

त्यांनी मला परत जागेवर ठेवलं. लगेच हाक आली, मी ओ दिली, आणि सिस्टर पिशवी घेऊन पळत गेल्या. पुढचं मला माहीत नाही. मला फक्त प्रश्न विचारतात, काय झालं ते कोणी सांगत नाही.

मित्रांनो, चौकट आली तर दाबण्याआधी वाचा. आणि तो भाऊ तुमच्या ओळखीचा असेल, तर त्याला माझ्यासाठी एवढं विचारा, बहीण घरी आली का?