तोंडावरचा हात

माझा दीर सहदेव लंकेतून जिवंत परत आला, तेव्हा आमच्या चाळीने त्याला खांद्यावर घेऊन भटवाडीची टेकडी चढवली. ढोल काय, गुलाल काय! मीही ओवाळलं. पायात छर्रे घुसलेले, लंगडत होता, फौजेने पेन्शन देऊन घरी पाठवलेला. पण उभा होता ना, बस झालं. त्याची बायको जानकी दाराआड रडत होती. आणि आमचे हे, काशीराम, असे छाती काढून फिरत होते की लंकेत हेच लढून आले.

साल अठ्ठ्याऐंशी, आपली शांतिसेना श्रीलंकेत लढत होती तेव्हाचं. गिरणी बंद पडल्यापासून ह्यांच्याकडे मिरवायला काही उरलं नव्हतं. मी कारखान्यात बिस्किटांचे पुडे भरायची, त्यावर घर चालायचं. त्यात सख्खा भाऊ फौजी, वर मिलिटरी कॅन्टीनची रम आणणारा. मग काय, चंगळच ह्यांची!

रविवारी दुपारी सहदेवच्या खोलीत बैठक बसायला लागली. त्याची खोली आणि आमची खोली, मध्ये नुसता पत्रा. मला सगळं ऐकू यायचं. मटण व्हायचं, ग्लास भरायचे, आणि मग शेजारचा धोंडिराम फर्माईश करायचा, "सहदेव, तो हाताने मारलेला सांग ना यार!" हा धोंडिराम बसचा कंडक्टर. दिवसभर लोकांवर खेकसून त्याचं पोट भरायचं नाही बहुतेक.

गोष्ट अशी, की लंकेतल्या एका पडक्या घरात सहदेवने एका बंदूकवाल्याला नुसत्या हातांनी दाबून मारलं. चाळभर ही ह्यांनीच पसरवली. सहदेव आधी नको नको म्हणायचा. "दादा, जाऊ दे ना." पण दादा ऐकतोय कुठला! दोन ग्लास पोटात गेले की सहदेव सांगायचा. दर रविवारी तो बंदूकवाला आणखी धिप्पाड व्हायचा, आणि हे लोक टाळ्या वाजवायचे.

संध्याकाळी मंडळी पांगली की पलीकडून कोणीतरी पत्र्यावर आपटल्याचा आवाज यायचा. धाड! मग भांडी पडल्याचा. मग काहीच नाही. मला त्या काहीच नाहीची भीती वाटायची. अहो, चाळीत जन्म गेला माझा. मार खाणारी बाई ओरडते, शिव्या देते, आईला हाका मारते. जानकीचा आवाजच नाही.

एका सोमवारी मी तिला धरून मोरीत नेलं आणि पदर ओढला. पाठ काळीनिळी. गालांवर बोटांचे ठसे, दोन्ही बाजूंना.

"ओरडत का नाहीस गो?"

"ओरडता येत नाही, ताई. हे तोंड दाबून धरतात. माझ्या बापाने आईला मारलेलं मी बघितलंय, ते वेगळं. हे मारतात कुठे? मी सुटायला धडपडते, ते मला भिंतीवर रेटतात आणि तोंड दाबतात, नाकासकट. कानात म्हणतात, गप, गप, जवळ आलेत. सोडतात तेव्हा मी मेल्यातच जमा असते."

"कोण जवळ आलेत?"

"काय माहीत."

"त्याची ती दारू सोडव आधी."

"दारू बुधवारी पण पितात, ताई. बुधवारी पिऊन गुपचूप झोपतात. हे सगळं रविवारीच."

दारू रोजचीच, पण गोष्ट फक्त रविवारची. ती गोष्ट सांगितली की पोरीच्या तोंडावर हात पडत होता.

मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "बैठक बंद करा. नाहीतर एक दिवस जानकीला उचलून न्यावं लागेल."

"अगं, बोलून मोकळा होतो तो," हे म्हणाले. "आणि फौजी माणसाचा हात जरा जड असतोच. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं? त्या पत्र्याला कान लावून झोपते ती मी! तुम्ही तर रम ढोसून घोरता!"

ऐकतील तर शपथ. पुढच्या रविवारी पुन्हा ग्लास निघाले. मी मुद्दाम बाहेर दारासमोर कपडे धुवायला बसले, नजर आत. जानकी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती.

धोंडिरामला त्या दिवशी जास्तच चढली. "सांगून सांगून काय, आज करून दाखव!" तो उठून खोलीच्या मधोमध उभा राहिला. "मी तो बंदूकवाला. ये, धर मला!"

सगळे खिदळले. सहदेव मान खाली घालून बसलेला. "नको," म्हणाला.

"दाखव रे," आमचे हे म्हणाले. "तुला माझी शपथ."

सहदेवने ग्लास नीट खाली ठेवला आणि उठला. धोंडिरामच्या मागे गेला. मला वाटलं गळा धरेल. त्याने गळा नाही धरला. तोंडावर पंजा टाकला, नाकासकट, आणि दुसऱ्या हाताने त्याला छातीशी आवळून खाली बसला.

आधी सगळे हसले. आमचे हे "झकास!" म्हणून टाळ्या पिटत होते. मग धोंडिराम पाय झाडायला लागला. ताट उडालं, रस्सा भिंतीवर. त्याचे डोळे बाहेर आले, तोंड जांभळं पडलं. बोटांनी सहदेवचा हात ओरबाडून रक्त काढत होता, पण तो हात ढिम्म हलत नव्हता.

"अरे, सोड, बस झालं!" हे पुढे धावले. सहदेवचं कोपर असं बसलं की ह्यांचे पुढचे दात रक्ताबरोबर बाहेर आले. बाकीचे शूरवीर चपला टाकून पळाले. जानकी त्या हाताला लोंबकळली. त्याने तिला झिडकारलं, ती ओट्याच्या कडेवर पडली आणि तिचं मनगट मोडल्याचा आवाज मला दाराबाहेर आला.

मी धोपाटणं घेऊन आत शिरले. खांद्यावर घातलं, काही नाही. पाठीत घातलं, काही नाही. मग डोक्यात घातलं, होती नव्हती ती ताकद लावून. तेव्हा तो आडवा झाला. धोंडिराम गुरासारखा चार पायांवर सरपटत कोपऱ्यात गेला आणि भडाभडा ओकला.

सहदेव उठून बसला. कानामागून रक्त वाहत होतं. धोंडिरामकडे बघून अगदी हळू म्हणाला, "नंदू, आवाज करू नको ना रे."

"कोण नंदू?" मी विचारलं. धोपाटणं अजून वर धरलेलं.

"माझा जोडीदार, वहिनी. पोटात गोळी लागलेली. ओरडत होता. ते लोक खिडकीबाहेर आले होते आणि आमची सगळी तुकडी त्या घरात. मी त्याचं तोंड दाबलं. ते निघून गेले. मी हात काढला, तर नंदूपण गेला होता."



सहदेवने भावाकडे बघितलं. "दादा, तुला मी स्टेशनवरच सांगितलं होतं, माझ्या हातून माणूस मेला. तू पुढचं ऐकलंच नाहीस. शाब्बास म्हणून मिठी मारलीस."

ह्यांच्या तोंडातून रक्त आणि लाळ गळत होती.

माझं डोकंच फिरलं. "शिरा पडो तुमच्या तोंडावर! मेलेल्या मित्राच्या गोष्टीवर मटण चापलंत तुम्ही? टाळ्या वाजवल्यात?" धोंडिराम पोलिसात जाईन म्हणाला. "जा," म्हटलं, "आणि तू स्वतःच मधे उभा राहिलास तेही सांग!" गेला नाही मेला.

जानकीला प्लास्टर घालून मी माझ्या खोलीत आणलं आणि दुसऱ्या दिवशी सहदेवला मिलिटरीच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तो मुकाट आला. तिथे एक म्हातारे सुभेदार होते, माजी सैनिकांच्या घरच्यांना मदत करणारे. त्यांनी सगळं ऐकलं, डॉक्टरची गाठ घालून दिली. म्हणाले, "बाई, लोक घरात झाकून ठेवतात. मग आम्हाला उशिरा कळतं." नळावर बायका कुजबुजल्या, शूर माणसाला वेड्यात काढलं म्हणून. मी कळशी आपटून म्हटलं, ज्या बाईला फार पुळका आलाय तिने रविवारी त्याच्या खोलीत एकटं राहून दाखवावं.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही त्याला भेटायला गेलो. सहदेव झाडाखाली बाकावर बसलेला, वाळलेला, पण नजर ठिकाणावर. डॉक्टर म्हणाले, आता झोपतो, बोलतो, चार दिवस घरी न्यायचं तर बघा. आमचे हे लगेच पुढे झाले. बोळक्या तोंडाने म्हणाले, "चल रे घरी."

"थांबा," जानकी म्हणाली.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ. मी तिचा पदर ओढला, तिने सोडवून घेतला.

"मी आता ओरडणार आहे," तिने नवऱ्याला सांगितलं.

आणि ओरडली. बाई गं! इतक्या महिन्यांचं सगळं त्या घशातून बाहेर आलं. वॉर्डबॉय धावले, खिडक्यांत पेशंट जमले. सहदेव ताडकन उठला. त्याचा हात वर आला, सरळ तिच्या तोंडाकडे. मधेच तो हात थांबला, मागे वळला, आणि त्याने तो स्वतःच्या तोंडावर दाबला. दात रुतले, तळव्यातून रक्त आलं. जानकी मागे हटली नाही, तोंडही मिटलं नाही. दम संपेपर्यंत ओरडली.

मग तिने पदराने तोंड पुसलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात परत येईन."

सहदेवने मान हलवली. हात तोंडावरच होता.