आता तुझं सांग

टुक-टुक, टुक-टुक, टुक-टुक. वाळल्या जमिनीवरून कोवळं कोकरू पळत जावं, तसा तो आवाज होता. फार वर्षांपूर्वी ऐकलेला. अजून माझ्या पोटात घुमतो.

मी पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा भोंगा बोलतोय. वीतभर लांब, अॅल्युमिनियमचा. एक तोंड पसरट, ते आईच्या पोटावर टेकवायचं. दुसऱ्या तोंडाला चपटी चकती, तिथं सिस्टरचा कान. मला अक्षरओळख नाही. ऐकणं तेवढं येतं.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. डोळे उघडले ते पेडगावच्या पलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात, गीताबाई सिस्टरांच्या हातात. त्यांचा हात गार असायचा, त्यात मी धातूचा. म्हणून त्या मला आधी पदराने चोळून ऊब द्यायच्या, मग पोटावर ठेवायच्या.

तो आवाज नर्मदाबाईच्या पोटातला. तिचा नवरा येडबा मेंढरं घेऊन लांब गेलेला. कळा सुरू झाल्या म्हणून ती रात्री आलेली, सोबत सासू सरजाबाई.

गीताबाईंची एक रीत होती. ठोके ऐकून झाले तरी त्या लगेच उठायच्या नाहीत. तसंच वाकून म्हणायच्या, "बाळाचं कळालं. आता तुझं सांग."

"तिला काय धाड भरलीय? बरी हाय की," सरजाबाई म्हणाली.

"कळा तुमाला यायल्यात का तिला? जा, च्या टाका जरा."

सरजाबाई पुटपुटत गेली. गीताबाई तशाच वाकून थांबल्या. बराच वेळ गेला. मग नर्मदाबाई बारीक आवाजात म्हणाली, "बाई, मला लय भ्या वाटायलंय."

गीताबाईंनी काही उपदेश केला नाही. तिचा हात धरून बसल्या. मी अजून पोटावरच होतो. हळूहळू तिचा श्वास खाली बसला. पहाटे मुलगी झाली. तिचं नाव दैवशाला ठेवलं.

पुढं गीताबाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला पुसून कपाटात ठेवलं. मग नवं यंत्र आलं. ते पोटावर ठेवलं की ठोके खोलीभर ऐकू येतात. चांगलं आहे ते, मी नावं ठेवणार नाही. फक्त आता कुणाला वाकावं लागत नाही. मला कपाटातून काढून खिडकीत ठेवलं. वारा सुटला की खिडकी आपटू नये म्हणून फटीत अडकवतात. पोरं कधी पिपाणी समजून फुंकतात. माझी तक्रार नाही.

परवा दैवशाला आली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. कानाला फडकं बांधलेलं, तोंड उतरलेलं. बाळ नर्मदाबाईच्या मांडीवर. दोघी माझ्या खिडकीखाली ओट्यावर बसल्या.

"माय, मला झोपच न्हाई. लेकरू निजलं तरी न्हाई. त्याला उचलून घ्यायचं म्हणलं की हात कापायलेत."

"गप. सगळ्यांलाच होतंय तसं."

"मला काय तरी झालंय, माय."

"सोन्यासारखं लेकरू दिलंय देवानं. असं बोलू न्हाई. सासरी कळालं तर म्हणतील, येडी पोरगी गळ्यात बांधली. आत हसून बोल."

नर्मदाबाई वाईट नव्हे. लेकीचा संसार टिकावा एवढंच तिच्या मनात. पण दैवशालाच्या वेळचा तिचाही थरकाप मी ऐकलेला. तिला तो आठवत नव्हता.

आत आताच्या सिस्टरनं, श्रद्धानं, बाळ तोललं, वजन छान भरलं. दैवशालाचा रक्तदाब बरोबर. मग श्रद्धानं मोबाईल पुढं केला. "मावशी, आता नवीन आलंय. आई जगली-वाचली एवढ्यावर भागत नाही. ती आनंदात आहे का, तेही मोजायचं. दैवशाला, हे पाच चेहरे बघ. रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. तुझा कोणता?"

माझ्या सगळ्या अंगाचा कान झाला. इतक्या वर्षांनी कुणीतरी पुन्हा विचारलं होतं.

दैवशालानं बोट उचललं. ते रडक्या चेहऱ्याकडं निघालं. तेवढ्यात नर्मदाबाईनं ते मुठीत धरलं आणि हसऱ्या चेहऱ्यावर टेकवलं. "हे बघा. लय खूश हाय माझी लेक."

श्रद्धा थबकली. तिनं दैवशालाकडं पाहिलं. तोंड उघडलं. पण ओट्यावरून हाक आली, "ओ सिस्टर, आमचा नंबर कवा लागायलाय? उन्हं डोक्यावर आली!"

"आले, आले. बरं, छान," असं म्हणून श्रद्धा बाहेर गेली. बाळाला लस टोचायची म्हणून नर्मदाबाईही त्याला घेऊन मागून गेली.

मायबापहो, मला पुन्हा कामाला लावा असं मी म्हणत नाही. नवं यंत्र राहू द्या, चेहरेही राहू द्या. पण बाळंतिणीला विचारलंत तर थोडं थांबा. तिचं बोट तिला टेकवू द्या. आत अडकलेला आवाज वर यायला वेळ लागतो.

दैवशाला एकटीच खिडकीशी आली. तिनं मला फटीतून काढलं, उलटंसुलटं पाहिलं आणि पसरट तोंड आपल्या छातीवर घट्ट दाबलं. मी ओळखलं तिला. टुक-टुक, टुक-टुक. तेच कोकरू. फक्त आता कळप चुकल्यासारखं सैरावैरा पळत होतं. मला सगळं ऐकू येत होतं. पण माझ्या दुसऱ्या तोंडाशी कुणाचाच कान नव्हता.

बाहेर बाळ रडलं. तिनं मला परत फटीत ठेवलं, डोळ्यांना पदर लावला, आणि बाळाकडं निघाली.