क्यू, यू आणि विजयकुमारराव

बुडुक्क!

पाण्याच्या डिस्पेन्सरनं भलामोठा बुडबुडा सोडला आणि इतका वेळ टेबलाशी दगडासारखी बसलेली सृष्टी खुदकन हसली.

"हसलीस ना? आता बोल," विभावरी म्हणाली. "मी अनुपमा मिस. तू सृष्टी. टेल मी, व्हॉट इज क्वीन?"

हसू फडक्यानं पुसल्यासारखं गेलं. सृष्टीनं ओठ आत ओढून घेतले.

एरवी ही पोरगी झोपेतही बडबडायची. लिफ्टमध्ये वॉचमन गनीभाईंना तर तिनं घरातलं सगळं सांगून टाकलं होतं, अगदी आईनं दहीवडे बिघडवले तेसुद्धा. पण शाळेच्या फाटकातून आत गेली की तोंडाला कुलूप. वर्ष संपत आलं, तरी वर्गात कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. शेवटी अनुपमा मिसनी विभावरीला फाटकाशी गाठून सांगितलं होतं, "शनिवारी ओरल आहे. क्यू-यूचे वर्ड्स आणि मीनिंग्ज. काहीही बोलू दे, मी पास करेन. नाहीच बोलली, तर मात्र केजी टू रिपीट."

म्हणजे बाकीची मुलं पहिलीत जाणार आणि सृष्टी एकटी मागं राहणार. अबू धाबीतली गुरुवार-शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी विभावरीच्या घशाखाली उतरेना.

"बघ, क्यू कधीच एकटा कुठे जात नाही," तिनं पुन्हा सुरुवात केली. "नेहमी यूचा हात धरून जातो. क्वीन, क्विक, क्वॅक..."

"बट मम्मा, कतार? कतारमध्ये क्यू अलोन आहे."

"कतार बॅचलर आहे. फॅमिली व्हिसा नाही मिळाला त्याला."

सृष्टीला ते लगेच पटलं. बायको-मुलं देशात ठेवून एकटे राहणारे काका बघत अबू धाबीत वाढलेल्या मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. "म्हणजे क्यू अँड यू आर मॅरिड?"

विभावरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जानेवारीत मैत्रिणीच्या, दर्शनाच्या घरी हळदीकुंकू झालं होतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीस बायका, आणि दर्शना दार अडवून उभी. नाव घेतल्याशिवाय एकीलाही वाण नाही. त्या गर्दीत सृष्टी सोफ्यावर उभी राहून सगळ्यांचे उखाणे खड्या आवाजात परत म्हणून दाखवत होती. अनोळखी बायकांसमोर! अजिबात न अडखळता!

विभावरीनं पदर खोचला. खरं तर गाऊनवरची ओढणी होती, पण खोचली.

"क्वीन मीन्स किंग्ज वाइफ, डोक्यावर मुकुट,
विजयकुमारराव चहात बुडवतात दोन-दोन बिस्किट!"

सृष्टी खुर्चीवर चढली. "अगेन!"

संध्याकाळी मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतून कंपनीच्या बसनं विजयकुमार घरी आला, तेव्हा त्याचं नाव हॉलमध्ये दणदणत होतं.

"क्वॅक मीन्स डक्स टॉकिंग, पाण्यात पोहे बदक,
विजयकुमाररावांनी खाल्ले अकरा मोदक!"

"विभा, हे काय चाललंय?"

"अभ्यास."

"मग माझं नाव कशाला?"

"उखाण्यात नवऱ्याचंच घेतात अहो. शेजाऱ्याचं घेऊ?"

"पण अकरा?"

"गणपतीत दर्शनाकडे सगळे मोजत होते. मी तर कमीच सांगितले."

विजयकुमार बूट काढता काढता पुटपुटला, "चुकीचं नाव घेतलं नाही म्हणजे मिळवलं." आणि हातातल्या एका मोज्याकडे बघत म्हणाला, "दुसरा कुठे गेला?" विभावरीनं तेवढ्यात त्या हरवलेल्या मोज्यावरून क्विकचाही उखाणा जुळवून टाकला.

शुक्रवारी रात्री निजवताना तिनं सृष्टीला बजावलं, "शाळेत पहिली ओळ तेवढी म्हणायची हं. दुसरी आपली घरातली." सृष्टीनं मान डोलावली. पण नाव न घेता सुटलेली एकही बाई तिनं हळदीकुंकवाला पाहिली नव्हती, हे विभावरीच्या लक्षातच आलं नाही.

शनिवारी दुपारी ती बसची वाट बघत खाली उभी होती. बस वळणावर दिसायच्या आधी ऐकूच आली. आतली सगळी मुलं एका सुरात ओरडत होती. दार उघडलं आणि मुलांना उतरवणारी हैदराबादची नूरजहाँ कपाळावर हात मारत खाली आली.

"बाजी, ये विजयकुमार कौन है? पूरे रास्ते उसका मोजा ढूंढ रहे बच्चे!"

विभावरीला हसावं की रडावं कळेना. सृष्टीनं दप्तर तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, "मिस वॉन्ट्स टू मीट पपा. टुमॉरो."

दुसऱ्या दिवशी विजयकुमारनं अर्धी रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घातला, भांग दोनदा पाडला. "नापास केलं असेल तर काय बोलायचं?" असं तो टॅक्सीत सारखं विचारत होता, आणि विभावरी खिडकीबाहेर बघत होती. सगळा तिचाच उद्योग. सरळ पाठांतर करून घेतलं असतं तर?

वर्गाबाहेर मुलांची रांग उभी होती. हलिमा नावाच्या कुरळ्या केसांच्या मुलीनं विजयकुमारला आपादमस्तक न्याहाळलं.

"आर यू विजयकुमाररावां?"

"येस..."

"इलेव्हन मोदक!" तिनं मागं वळून जाहीर केलं, आणि अख्खी रांग त्याच्या पोटाकडे बघायला लागली. एकीनं फार काळजीनं विचारलं, "अंकल, डिड यू फाइंड युवर सॉक?"

अनुपमा मिस बाहेर आल्या. हसू दाबून त्यांचे गाल दुखत असावेत.

"शी हॅज पास्ड," त्या म्हणाल्या. विभावरीनं इतका मोठा श्वास सोडला की भिंतीवरचं चित्र हललं. "सगळे शब्द, सगळे अर्थ. आता वर्गातल्या प्रत्येकाला क्वीन म्हणजे काय ते माहीत आहे. फक्त प्रत्येकाला वाटतं की किंगचं नाव विजयकुमार."

विजयकुमारनं नकळत शर्टाची कॉलर नीट केली.

"पण एक प्रॉब्लेम आहे," मिस हळूच म्हणाल्या. "आता ती थांबतच नाही. प्रेअरमध्ये बोलते, डब्याच्या वेळी बोलते, मी बोलताना बोलते. काल प्रिन्सिपल मॅडमना म्हणाली, नाव घ्या, नाहीतर आत सोडणार नाही. त्या बिचाऱ्या नाव सांगून आत आल्या! प्लीज, जरा समजावा."

फाटकाबाहेर विजयकुमार टॅक्सी शोधायला पुढं गेला. विभावरी गुडघ्यांवर बसली आणि तिनं सृष्टीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्या तोंडातून शाळेत एक शब्द निघावा म्हणून गेले दोन दिवस तिला घास गोड लागला नव्हता.

"पिल्लू, फार छान बोललीस. पण आता वर्गात थोडं कमी बोलायचं हं."

सृष्टीनं भुवया जवळ आणल्या. खूप विचार केला.

"मम्मा, फर्स्ट यू सेड टॉक. मिस सेड टॉक. नाउ यू से डोन्ट टॉक. हाउ मच टॉकिंग इज करेक्ट?"