मागचं डावं चाक

आमच्या गाडीचं मागचं डावं चाक फक्त शाळेच्या दिवशी हवा जाऊन बसायचं. तेही रोज नाही, दोन-तीन दिवसांआड. रविवारी मात्र कधीच नाही. हे मी नवऱ्याला, कान्हूला, सांगितलं तर तो हसला. "चाकाला काय कॅलेंडर कळतं व्हय?" म्हणाला आणि रोह्याला कंपनीत निघून गेला. त्याचं बरं आहे, त्याला न्यायला कंपनीची बस येते.

मी निडीत राहते आणि पेणच्या एका बालवाडीत शिकवते. म्हणजे अजून पक्की नव्हते. महिनाभर बघू, असं तिथल्या मुख्य बाई, शांतीबाई, म्हणाल्या होत्या. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मला घराबाहेरचं काहीतरी मिळालं होतं आणि ते हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. सासऱ्यांची आंघोळ, नाश्ता, गोळ्या उरकून निघायला सव्वानऊ होतात. त्या वेळेला आमच्याकडून वेळेत पोचवणारी ना एसटी, ना आगगाडी. ही जुनी गाडी आहे म्हणून नोकरी आहे.

सासरे म्हणजे हैबतराव. मी त्यांना मामंजी म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. मी त्यांना उभं केलं, हे मी सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम मी एक दिवस चुकवले नाहीत. मुगाचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे, बाटलीचं झाकण फिरवून काढायचं आणि लावायचं, मग काठी घेऊन अंगणात गाडीभोवती फेऱ्या. मी शाळेत असले की दुपारी शेजारची हौसा त्यांना ताट वाढून जाते.

चाक घेऊन मी तीनदा जमालभाईंकडे गेले. हमरस्त्याला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. ते व्हॉल्व्हचं टोपण काढून खिशात टाकायचे, हवा भरायचे, चाक पाण्याच्या टाकीत बुडवून गोल फिरवायचे. एक बुडबुडा नाही. रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावून बघितलं. दुसऱ्या खेपेला व्हॉल्व्हची पीन बदलली. तिसऱ्या खेपेला ते वैतागले. "वहिनी, चाक एकदम चंगा हाय. आता माझाच व्हॉल्व्ह ढिला व्हायचा." मी हसले नाही. तोवर मला दोनदा उशीर झाला होता, आणि शांतीबाईंनी हसत हसत सांगितलं होतं, की पुन्हा उशीर झाला तर येण्याचे कष्ट घेऊ नका.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कान्हूने कूस बदलत म्हटलं, "एवढा ताप हाय तर सोड ना." भांडायला तोंड उघडलं असतं तर सकाळपर्यंत मिटलं नसतं.

गुरुवारी पहाटे पाचला मी चाक दाबून बघितलं. घट्ट होतं. आठला बघितलं तर अर्धं बसलेलं. एव्हाना मी चाक बदलायला शिकले होते. स्टेपनी चढवली, बसलेलं चाक डिकीत टाकलं आणि मामंजींचं उरकून आधी पंक्चरचं दुकान गाठलं.

"जमालभाई, हवा भरू नका. टोपणही काढू नका. आहे तसं बुडवा."

"टोपणासकट?"

"टोपणासकट."

त्यांनी चाक बुडवलं. टोपणाच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. आजवर ते आधी टोपण काढायचे आणि मग दोष शोधायचे. दोष टोपणातच होता. त्यांनी ते फिरवून काढलं, तळहातावर आपटलं. हिरवा मूग पडला. टोपण आवळलं की दाणा आतली पीन दाबून धरायचा आणि हवा हळूहळू जायची. आजवर तो त्यांच्या खिशातच गळून पडत असणार.

"ह्यो आपसूक नाय शिरला, वहिनी," जमालभाई एवढंच बोलले.

मी वेळेत पोचले. दिवसभर मुलांना काय शिकवलं, देव जाणे. अंगाची नुसती लाही होत होती.

संध्याकाळी मी तो मूग मामंजींच्या पुढ्यात ठेवला. "तुमचा हात मी यासाठी बरा केला?"

त्यांनी दाण्याकडे बघितलं. नाही म्हणाले नाहीत. "व्हय, मीच घातला. काय बोलायचं ते बोल गो. पन कान्हूला सांगू नको."

"का नको? आता आला की सांगते."

"तू शाळंत जायला लागलीस, त्याच आठवड्यात मी न्हाणीत पडलो," ते म्हणाले. "हौसा ताट ठिवून गेली. तिला वाटलं झोपलोय. मी हाका मारल्या, तिला ऐकू गेल्या नायत. दोन तास फरशीवर व्हतो. मग कसाबसा उठलो, कपडे बदलले, तू यायच्या आत."

मी दाणा उचलून मुठीत घेतला.

"रोज नाय घातला दाना. ज्या दिवशी सकाळी लय भ्या वाटायचं, त्या दिवशी घातला, तू घरी थांबशील म्हनून. कान्हूला कळलं तर तो तुला घरी बसवील. तसं मला नव्हतं करायचं."

मला त्यांचा राग आला होता, तो गेला नाही. पण आता त्यांची दयाही येत होती, आणि दोन्ही एकाच वेळी सोसवेनात. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाते. लपवलं तर हा माणूस रोज सहा-सात तास त्या घरात एकटा. हौसाला सांगावं, तर ते रात्रीपर्यंत कान्हूच्या कानावर.

कान्हू आला, पायातल्या चपला काढता काढता म्हणाला, "काय निघालं चाकाचं?"

मामंजी माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "टोपणात खडा अडकला होता."

"बघ! उगाच जीव जाळत व्हतीस. आता काय अडचण नाय."

"नाय," मामंजी म्हणाले.

मी न्हाणीत खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, दाराशी धरायला दोरी बांधली, मोबाइल त्यांच्या गळ्यात अडकवला. याहून जास्त काय करायचं, ते मला सुचलं नाही. चाक पुन्हा बसलं नाही. मी एकही दिवस उशिरा गेले नाही. महिना भरला त्या दिवशी शांतीबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मैनाबाई आता आपल्या कायमच्या." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुट्टीत मी पायरीवर जाऊन फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"उभा हाय मी," मामंजींनी उचलताच सांगितलं. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं.

उद्याही मी फोन लावेन, परवाही लावेन, आणि ते हेच सांगतील. उभे आहेत की फरशीवरून बोलताहेत, हे मला घरी पोचल्याशिवाय कळणार नाही.