कादरचा ढोल

मित्रांनो, पितळी कड्यात स्प्रिंगांनी टांगलेला मी एक जुना मायक्रोफोन. मुंबईच्या एका ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत माझी उमेदीची वर्षे गेली. माझ्या पोटात एक ताणलेला पातळ पत्रा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना कोळशाचे बारीक दाणे. समोर आवाज झाला की पत्रा थरथरतो आणि दाणे हलतात. म्हणून स्वस्थ बसणे मला ठाऊकच नाही. कोणी सुस्कारा टाकला तरी माझ्या पोटात चुळबुळ सुरू होते.

मी विलायतेहून बोटीने आलो. सुरुवातीला मोठमोठे गवई माझ्यापुढे उभे राहताना घाम पुसत. ध्वनिमुद्रण करणारे वाल्मीकराव मला रेशमी रुमालात गुंडाळून नेत. पुढे कंपनीने एक नवा, नाजूक मायक्रोफोन आणला आणि मी पेटीच्या तळाशी गेलो. वर गाणी चालत आणि मी अंधारात तळमळत राही.

१९३४ च्या श्रावणात आम्ही नाशिकला गेलो. पंचवटीत एका व्यापाऱ्याची वखार मिळाली होती. धान्याच्या पोत्यांमुळे तिथे आवाज घुमत नसे. शहरातल्या एका नामांकित बँडची तबकडी करायची होती. त्यात रियाज क्लॅरिनेट वाजवी आणि त्याचा थोरला भाऊ कादर मोठा ढोल.

नदीकाठच्या दमट हवेत नवा मायक्रोफोन चरचरू लागला. वाल्मीकरावांनी मला बाहेर काढले. "आता तूच रे बाबा," ते पुटपुटले.

त्यांनी मला ढोलासमोर, अगदी जवळ टांगले. कादरने टोला दिला आणि माझे दाणे एकमेकांत असे रुतले की मला काही ऐकूच येईना. वाल्मीकरावांनी वीज बंद केली आणि हलकेच थोपटून दाणे मोकळे केले. दुसऱ्या टोल्याला आवाज कोरणारी सुई अशी उसळली की मेणाच्या तबकडीवर एक रेघ दुसरीत घुसली. मेण वाया गेले. मग त्यांनी कादरला वखारीच्या पार टोकाला, पोत्यांच्या थप्पीमागे उभे केले.

आता ढोल खोल, गोड येऊ लागला, पण चुकीच्या जागी. रियाज पुढे निघून जाई आणि ठेका मागून भलतीकडे पडे. मध्येच देवळातल्या घंटा वाजल्या की सगळे थांबे. कोरे मेण संपत आले होते. माझा जीव टांगणीला लागला.

"ढोल राहू द्या," वाल्मीकराव शेवटी म्हणाले. "नुसती क्लॅरिनेट आणि ताशे घेऊ."

"भाई, तुला झालंय तरी काय?" रियाज ओरडला. थप्पीमागून उत्तर आले नाही. तो तावातावाने तिकडे गेला आणि कादरच्या तोंडासमोर उभा राहून पुन्हा तेच बोलला.

कादर त्याच्या ओठांकडे पाहत राहिला.

"रियाज, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "वर्ष होऊन गेलं. तुझ्या खांद्याकडे बघून मी ठेका धरतो. इथून तुझा खांदा दिसत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"बहिऱ्या ढोलवाल्याला कोण ठेवतं?"

रियाजचा आवाज एकदम खाली आला. "मी हाका मारायचो, तू वळायचा नाहीस. मला वाटलं, धाकटा असून मी पुढं उभा राहतो म्हणून तू माझ्यावर रागावलास. मी ईदेलासुद्धा तुझ्या घरी आलो नाही, भाई!"

कादरला त्यातले किती कळले कोण जाणे. रियाजने त्याचा हात धरला आणि त्याला पुढे आणले. "साहेब, भाई माझ्याजवळच उभा राहील. तुमचं यंत्र कुठं लावायचं ते तुम्ही बघा."

वाल्मीकराव विचारात पडले. मग त्यांनी ढोल फिरवून चामड्याऐवजी त्याची कड माझ्याकडे केली. मागच्या चामड्यावर गोधडी बांधली. ढोल बडवायच्या टिपरूला फडके गुंडाळले. मला ढोलापासून दूर, उंचावर, क्लॅरिनेटच्या समोर नेले. "जोर किती लावू?" कादरने विचारले. रियाजने भुवया वर-खाली करून दाखवल्या: वर म्हणजे जोरात, खाली म्हणजे हळू. कादर हसला.

शेवटचे मेण फिरू लागले. प्रत्येक टोल्याला मला वाटे, आता दाणे रुतणार. कादरची नजर भावाच्या खांद्यावर होती. एकदा टोला जड पडला. रियाजच्या भुवया खाली आल्या आणि पुढचा टोला जसा हवा तसाच आला. गत संपली. वाल्मीकरावांनी सुई उचलली.

"आला का ढोल?" कादरने विचारले.

"आला!" सगळेच ओरडले.

सामान बांधताना रियाजने दारातून सवयीने हाक मारली, "भाई, चल!" कादर पाठमोरा होता. तो वळला नाही. तेव्हा रियाज परत आत आला, त्याच्या समोर उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "चल. आज तुझ्या घरी जेवतो."

मित्रांनो, आता कपाटात माझे दाणे ओल लागून गोळा झाले आहेत. येणारे-जाणारे मला बिघडलेला म्हणतात. कदाचित असेनही. पण हलक्या हाताने थोपटून पाहिल्याशिवाय कुणाला बिघडलेला म्हणू नका. आणि तुमच्या हाकेला एखादा माणूस वळला नाही, तर रागावण्याआधी एकदा त्याच्या समोर जाऊन उभे राहा.