काकाच्या चेकवरचं कुंकू

बँकेतल्या माणसाशी भांडायला मला एरवी फारसं कारण लागत नाही, पण त्या दिवशी कारण होतं. चेक टाकून आठवडा उलटला होता आणि अण्णांच्या खात्यात अजून काही जमा झालं नव्हतं. पैशांची आम्हाला घाई नव्हती. काकाच्या खात्यातून ते निघायला हवे होते, आणि तो जिवंत असेपर्यंत निघायला हवे होते.

माझे वडील, शिवरामशास्त्री, रामघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवतात. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचा धाकटा भाऊ रत्नाकर, म्हणजे माझा काका, नोकरीसाठी इंदूरला गेला आणि तिकडचाच झाला. आजी गेली तेव्हा काका काशीत पोचला तो मणिकर्णिका घाटावरची चिता विझल्यावर. अण्णांनी त्याला दारातच विचारलं, "आता कशाला आलास?" काका तेराव्याला जेवला आणि निघताना कार्याच्या खर्चातला आपला निम्मा वाटा म्हणून देवाजवळ चेक ठेवून गेला.

आईवडिलांच्या कार्याचा खर्च आमच्या घराण्यात मुलगे वाटून घेतात. ज्याचा वाटा घेतला नाही त्याला मुलगा मानलं नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. अण्णांनी तो चेक पंचांगात घालून ठेवला. तीन महिन्यांनी त्याची मुदत संपली. इंदूरला काकाच्या पासबुकात पैसे होते तिथेच राहिले आणि त्याला काय समजायचं ते समजलं. दोघांनी बोलणं टाकलं. मी दोघांनाही खूप सुनावलं, पण ऐकतो कोण? हट्टीपणात आमचं घराणं कुणाला हार जात नाही.

यंदा मार्गशीर्षात, आजीच्या श्राद्धाच्या तोंडावर, कुरियरने पुन्हा चेक आला. आकडा मागच्याच चेकचा होता. त्याच संध्याकाळी हिमानीचा फोन आला. हिमानी ही काकाची एकुलती एक मुलगी.

"सुमेधाताई, बाबा ॲडमिट आहेत. दोन्ही किडन्या गेल्यात," ती म्हणाली. "डॉक्टर काही खरं सांगत नाहीत. बाबा सारखा मोबाइल मागतात, पैसे कटल्याचा मेसेज आला का बघतात. मी म्हटलं, मोठ्या काकांनी चेक घेतलाय. तर म्हणाले, घेतला तर मागच्या वेळीही होता."

फोन स्पीकरवर होता. अण्णांनी सगळं ऐकलं. उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "तिला सांग, टाकतो म्हणावं. आईचं श्राद्ध झालं की लगेच टाकतो."

आणि टाकलाही. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, धुक्यात, काठी टेकत, स्वतः गल्ल्या तुडवत जाऊन त्यांनी चेक बँकेच्या पेटीत टाकला. मला वाटलं, सुटलो. मग शनिवार आला, रविवार आला, कसलीशी सुट्टी आली. हिमानी रोज विचारायची आणि मी रोज म्हणायचे, आज येईल. शेवटी शाळेत अर्धी रजा टाकली आणि बँकेत जाऊन तिवारीजींच्या टेबलापुढे उभी राहिले.

"इंदौर कोई विलायत है क्या?" मी म्हटलं. "एक चेक पहुँचने में इतने दिन?"

"मैडम, चेक अब कहीं जाता ही नहीं," तिवारीजी शांतपणे म्हणाले. माझ्यासारखी माणसं त्यांना रोजची असणार. "यहीं मशीन में फोटो खिंचता है। फोटो उनके बैंक जाता है, वो हाँ बोलते हैं, तब पैसा कटता है।"

"तो फोटो खिंचने में हफ़्ता लगता है?"

"आपका खिंचा ही नहीं।"

त्यांनी खणातून चेक काढून माझ्यापुढे ठेवला. खाली जिथे मशीन वाचते ते आकडे असतात, ती सबंध पट्टी लाल झाली होती. वर हळदीचं बोट होतं. कोपऱ्यात तांदळाचा एक दाणासुद्धा चिकटलेला होता.

"किसी ने चेक की पूजा कर दी है," तिवारीजी म्हणाले. "मशीन बार-बार बाहर फेंक देती है। दो बार फोन किया, शास्त्रीजी ने उठाया नहीं।"

पाठ चालू असताना अण्णा फोनला हात लावत नाहीत, आणि त्यांचा पाठ दिवसभर चालू असतो. मी खुर्चीत बसले. काका तिकडे आजारी आहे, एवढंच कसंबसं सांगितलं. तिवारीजींनी मग कापसाने जमेल तेवढं कुंकू टिपलं, आकडे हाताने भरून चेक पुढे पाठवतो म्हणाले. उद्यापर्यंत होईल, फार तर परवा.

घरी येऊन मी अण्णांवर तुटून पडले. "चेकला कुंकू कोण लावतं हो? मशीनला काय दिसणार त्यातून?"

अण्णा गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "रत्नाचा वाटा होता तो," ते म्हणाले. "आईच्या श्राद्धाला आलेला. तिच्यासमोर ठेवायला नको? तिला दाखवला, हळदकुंकू वाहिलं. वरून गंगेचं पाणी शिंपडलं, त्यानेच ओघळलं असणार."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि रडूच फुटलं. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. "आत्ताच्या आत्ता काकाशी बोला. मी नंबर लावून देते."

त्यांनी मोबाइल उलटा करून चटईवर ठेवला. "काय बोलू? चेक टाकला म्हणून सांगू? त्याचा माझ्या शब्दावर विश्वास नाही, आणि त्याने का ठेवावा? एकदा पैसे निघू देत. मग मीच फोन करतो. तू नको लावूस."

मी हिमानीला कुंकवाची गोष्ट सांगितली. तिने ती काकाला सांगितली. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, बाबा हसले," ती म्हणाली. "म्हणाले, दादा माझ्या चेकला कुंकू लावणार? तुम्ही दोघी मिळून मला खेळवताय. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले."

दुसऱ्या दिवशी पहाटे काका गेला.

चेक त्याच दिवशी दुपारी वटला. काका गेल्याचं बँकेला कुणी कळवलं नव्हतं. कोण कळवणार होतं? अण्णा सुतकात पाठशाळेत न जाता घोंगडीवर बसून होते. मोबाइल वाजला, मी मेसेज वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "आता लाव फोन." मी नंबर लावला नाही. त्यांनीही परत सांगितलं नाही.

हिमानी अस्थी घेऊन आली. रामघाटावरून नाव केली. थंडी मी म्हणत होती, धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. मणिकर्णिका मागे पडली तशी मल्लाहाने वल्ही थांबवली. कलश अण्णांच्या मांडीवर होता. सगळा जन्म त्यांनी मंत्र म्हणण्यात घालवला, दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांसाठी डोळे मिटून म्हटले, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटेना.

"रत्नाचा मोबाइल आणलायस?" त्यांनी हिमानीला विचारलं.

तिने पर्समधून काढला.

"तो मेसेज वाच. मोठ्याने वाच."

"मोठे काका, बँकेचा आहे. हिंदीत आहे."

"असू दे. त्याला ऐकू जाऊ दे."

हिमानीने वाचायला सुरुवात केली. "प्रिय ग्राहक, आपके खाते से चेक द्वारा राशि काट ली गई है..." मी मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि उरलेलं वाचलं. "यदि यह लेनदेन आपका नहीं है, तो तुरंत बैंक को सूचित करें।"

अण्णा कलशावर वाकले, अगदी तोंड लावून. "रत्ना, ऐकलंस ना?" ते म्हणाले. "घेतला रे तुझा वाटा."

मग त्यांनी कलशाचं फडकं सोडलं.