शून्य कोटीचं ॲसिड

आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीचे उकडलेले गहू अजून टेबलावर होते, वरची साखर ओलसर झालेली. पाहुणे गेले होते. माझी सोफिया शहराला परतायची बस संध्याकाळची होती. बाबांना इथे लोव्हेच गावात एकटं ठेवून तिच्यात चढावं की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं.

बाबांना कसं चाललंय विचारलं, तर म्हणाले, काही बदललेलं नाही. दुपारी सूप, शनिवारी मंडई. आई बोलायचीच कमी, त्यामुळे घर आधीही इतकंच शांत होतं.

"म्हणजे आई असली काय, नसली काय, सारखंच?"

ते उठले. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. बोलणं जमलं नाही की काचेची भांडी काढतात. दारावर लावायच्या शोकपत्राच्या काही प्रती उरल्या होत्या. त्यातली एक टेबलावर पसरून छापील क्रुसावर त्यांनी चंचुपात्र ठेवलं. शाळेत या प्रयोगासाठी ते कागदावर पेन्सिलीने फुली काढायचे.

हायपोच्या, म्हणजे फोटो धुवायच्या क्षाराच्या पाण्यात ॲसिड ओतलं. पाणी हळूहळू दुधाळ झालं आणि क्रूस दिसेनासा झाला. बाबांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या खेपेला हायपो निम्मा, बाकी साधं पाणी. क्रूस जायला दुप्पट वेळ लागला. मग हायपो पहिल्याइतका आणि ॲसिड निम्मं. वेळ जवळजवळ पहिल्याइतकाच.

खोलीत काडेपेटी जळल्यासारखा वास भरला. शेजारच्या त्सोंका काकू खिडकीतून बाबांना म्हणाल्या, "ल्यूबेन, पाहुण्यांना हुसकायला धूर करतोस होय? ते गेले कधीच."

बाबा माझ्याकडे वळले. "वेगाच्या हिशेबात ॲसिडची कोटी किती?"

"शून्य. कमी केलं तरी वेग तोच."

"मग घालायचंच कशाला? दरवर्षी वर्गातलं एखादं हुशार कार्टं हे विचारायचंच."

"तुम्ही काय सांगायचात?"

"काही नाही. न घालता करून बघ, म्हणायचो."

त्यांनी चौथं चंचुपात्र क्रुसावर ठेवलं. हायपो आणि पाणी, बस. आम्ही दोघंही वाकून पाहत राहिलो. क्रूस स्वच्छ दिसत होता. त्याच्या खाली आईचं नाव, दोब्रिंका.

"याचं काय होणार ते मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

"तू पुस्तकाचाही शेवट आधी वाचतेस. थांब जरा."

खरं तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते घड्याळाकडे बघत, मग पाण्याकडे, पुन्हा घड्याळाकडे. हात टेबलाच्या कडेवर घट्ट होते. बाहेर उन्हं उतरली.

"बस चुकेल तुझी," ते मान वर न करता म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आणखी जरा बघू या."

मी गव्हांचं भांडं पुढे ओढलं, दोन चमचे आणले. बसची वेळ टळून गेली. ॲसिडशिवाय पाणी नितळच होतं.